घासलेलं तळघर

१६ ऑक्टोबर

अंब्रुश,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. गेलं असतं तर चर्चची घंटा तुला खिडकीतून ऐकू आलीच असती. एकाच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या सख्ख्या भावाला तिकीट लावून पत्र लिहायची वेळ आली, यात माझा काही दोष नाही. फोन केला तर तू माझा आवाज ऐकताच ठेवतोस. दारात आले तर कुत्रा सोडतोस. (कुत्रा येऊन माझे हात चाटतो, ती गोष्ट वेगळी.) म्हणून शेवटी टपालवाली एतेल्का. तिचं तोंड साऱ्या गावाला ठाऊक आहे, तेव्हा पाकीट मी डिंकाने दोनदा चिकटवलंय. चिकटवलेली कड फाटलेली दिसली तर मला कळव.

कामाचं बोलते. मला थोडी बुरशी हवीय.

हस, हस. पुढचं वाचलंस की थांबशील.

काल संत तेरेझचा, म्हणजे माझ्या नावाचा दिवस होता. तुझं कार्ड आलं नाही. नऊ वर्षांत आलं नाही, तेव्हा त्याचं सोड. माझ्या गेलेर्टची बायको तू चर्चमध्ये पाहिली असशीलच, उंच, लाल गालांची, मैदानी मुलखातली. एमोके. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही. पोर कामाला वाघ आहे आणि स्वच्छतेचं तर वेडच. तिच्या माहेरी कोंबड्यांचे पाय धुतल्याशिवाय त्यांना अंगणात सोडत नाहीत, असं माझा लेक म्हणतो. तर गेले काही दिवस आम्ही सगळे मळ्यावर, आणि ही "डोकं दुखतंय" म्हणून घरी. मला वाटलं, काही गोड बातमी असेल. मी मनातल्या मनात पाळणासुद्धा हलवून घेतला.

काल केक कापून झाला आणि ही म्हणते, "आई, डोळे मिटा. माझा हात धरा. पायऱ्या सांभाळा हं."

पायऱ्या म्हटल्याबरोबर मी तिचा हात घट्ट धरला. आपल्या घरात डोळे मिटून उतरावं अशा पायऱ्या एकाच ठिकाणी आहेत.

"आता उघडा!"

अंब्रुश, तळघर पांढरं झालंय.

बेर्केशींचं तळघर! आपल्या पूर्वजांनी तुर्कांपासून लपायला खणलेलं, पुढे राजांनी ज्यातल्या पिंपांसाठी घोडेस्वार पाठवले ते. सरकारने मळे घेतले, हवेलीत धान्य भरलं, तेव्हाही ज्या भिंतींना कुणी हात लावला नाही त्या भिंती. मांजराच्या पाठीसारखी ती काळी, जाड, मऊ बुरशी हिने छतापासून जमिनीपर्यंत तारेच्या ब्रशने घासून काढलीय. सोडा आणि उकळतं पाणी वापरून. जुन्या बाटल्या एकेक करून पुसल्यात. दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. आणि मधोमध ही उभी, हातांना फोड आलेले, तोंडभर हसू. "किती वर्षांची घाण होती हो आई! मला वाटलं, तुम्हाला आता वाकून जमत नसेल."

मी म्हटलं, "छान." आणि पायरीवर बसले.

दुसरं काय म्हणणार होते? आपण बुरशीबद्दल कधी कुणाला सांगतो का? तू आणि मी रांगत होतो तेव्हापासून ती भिंतीवर आहे. तिला कोणी घासेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही, म्हणून तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मग गेलेर्ट केकची बशी घेऊन खाली आला. बशी हातातून गेली. तो असा ओरडला, असा ओरडला, की वरच्या पाहुण्यांना वाटलं तळघरात कुणी पडलं. मग त्यानेच तिला सांगितलं, की पिंपांतून जी वाफ सुटते ती ही बुरशी पिते, हवा ओली ठेवते, पिंपं सुकू देत नाही, आणि आपली गोड वाईन त्या ओल्या काळोखातच म्हातारी होते. पोरगी पांढरीफटक पडली, वर पळाली आणि बॅग भरायला लागली. मी उघड्या बॅगेतच जाऊन बसले. माझं वजन तुला माहीत आहे. बॅग काही बंद झाली नाही.

आणि आता सांगते, तुझ्यापाशी लपवून काय करू: रात्री पांघरुणात मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले. "तुम्हाला वाकून जमत नसेल!" आईने हे ऐकायला हवं होतं रे.

पण हसून भिंती काळ्या होत नाहीत. तू बांधलेल्या त्या भिंतीपलीकडे, तुझ्या अर्ध्या तळघरात, तीच बुरशी आहे. मूठभर दे. ओल्या फडक्यात गुंडाळून बरणीत घाल आणि एतेल्काकडे दे. बाकी आपलं जे आहे ते आहे तसं राहू दे.

तुझी कागदोपत्री बहीण,
तेरेझ


२० ऑक्टोबर

अंब्रुश,

तुझं उत्तर पोचलं. माझ्याच पाकिटाच्या मागे, पेन्सिलीने: "बुरशी देणार नाही. माझ्या तळघरात कुणी यायचं नाही." कागदसुद्धा खर्च केला नाहीस. आणि तळघरात यायचं कुणी म्हटलं होतं? मी बरणी मागितली, आमंत्रण नाही.

काय रे, एवढं काय लपवतोस तिथे? सोन्याची पिंपं आहेत? की नवी बायको आणून ठेवलीस? एतेल्का म्हणते, तिलासुद्धा तू अंगणातच उभं करतोस, बाटली बाहेर आणून देतोस. ती म्हणते, "तेरेझ नेनी, तुमच्या भावाने तळघराच्या दाराला दोन कुलपं घातलीत." (ती अजून मला मावशीसारखं नेनी म्हणते. स्वतः आजी झाली तरी माझ्यापुढे लहान व्हायची हौस.)

तू कोरड्या वाईनवाला झालास म्हणून मी कधी दारावर थुंकले नाही. तूच त्या दिवशी म्हणालास, जग बदललं, आता कुणाला साखर नको, हॉटेलात लोक मासे खातात आणि आंबट, कोरडं मागतात, गोड वाईन म्हाताऱ्या बिशपांसाठी. मी म्हटलं, मग म्हाताऱ्या बिशपांसाठी करू. मग तू म्हणालास वाटणी. मी म्हटलं वाटणी. आणि तळघराच्या मधोमध तू विटा रचल्यास. ओळंबा मी धरला, कारण तू रचलेली भिंत नेहमी वाकडी येते. गावात लोक अजून हसतात, की भांडलेली भावंडं मिळून भिंत बांधत होती आणि मधे जेवायलाही थांबली. हसू देत. भिंत सरळ आहे.

आणि तुझ्या कोरड्या वाईनबद्दल म्हणशील तर, ह्या वर्षीची जिभेला जरा टोचते. गेल्या वर्षीची बरी होती, त्यात तो नाशपातीसारखा वास होता. फार लवकर तोडलीस तू ह्या खेपेस. असं लोक म्हणतात. एतेल्का म्हणते.

आता खरी गोष्ट ऐक, म्हणजे मी का मागे लागलेय ते तुला कळेल. तू सकाळी उठून वर बघतोस की नाही? बोद्रोग नदीवरून धुकं येतं, दुपारपर्यंत मळ्यात राहतं, आणि मग असं ऊन पडतं की कोट काढावा लागतो. रोज! फुर्मिंत द्राक्षांचे मणी एकेक करून तपकिरी होताहेत, सुरकुततात, त्यांच्यावर ती राखाडी लव धरतेय. काल मी वरच्या पट्ट्यातला एक मणी तोंडात टाकला. अंब्रुश, मी डोळे मिटून तिथेच उभी राहिले. मध, जर्दाळू, आणि मागून ती आंबट चुणूक. वेलीवरच असं सुकून गोड झालेलं ऑसू मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, बाबा होते तेव्हा, आणि तेव्हा ते सगळं सरकारी टाकीत गेलं, बाकीच्या गावाच्या द्राक्षांबरोबर. बाबा त्या दिवशी जेवले नव्हते, आठवतं?

ह्या खेपेस ते आपलं आहे. माझं. आणि ते ठेवायला माझ्याकडे घासलेलं तळघर आहे, जिथे पिंपं आत्ताच कुरकुरतात. ह्या वर्षीची ऑसूची वाईन वाया गेली तर मला पुन्हा असं वर्ष दिसणार नाही. मी एकाहत्तरची आहे.

फक्त बरणीभर.

तेरेझ


२६ ऑक्टोबर

अंब्रुश,

दोन गोष्टी पोचल्या. एक, चिठ्ठी: "एतेल्काला डॉक्टरांनी वर्षापूर्वीच वाईन बंद केलीय. माझ्याकडून दर शनिवारी नेते त्या बाटल्या कोण पितं?"

एतेल्काला विचार. मला काय माहीत. तिचा नवरा पीत असेल.

(तिचा नवरा वारला, हे मला आत्ता लिहिताना आठवलं. ते वाक्य खोडलेलं समज.)

दुसरी, बरणी. कोबीच्या पानात गुंडाळलेला दगडाचा कपचा, वर काळी बुरशी, ओल्या फडक्यात. पान ताजं होतं, म्हणजे तू सकाळीच उठून बागेत गेलास. मी काही बोलत नाही. फक्त पोचली एवढं कळवते. एमोकेने बरणी दोन्ही हातांनी घेतली आणि छातीशी धरली. मग ती रडायला लागली, मग मी रडायला लागले, आणि गेलेर्ट म्हणाला, "दोघींना काय झालं, बुरशी आहे ती." त्याला आम्ही अंगणात हाकललं.

आता काय चाललंय ते सांगते. कपचा आम्ही मागच्या कोनाड्यात ठेवलाय, जिथे भिंत सगळ्यात ओली असते. एमोके सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन बसते. पाण्याची घमेली ठेवते, पोती ओली करून टांगते. हळू आवाजात गाणं म्हणते! मी विचारलं, "हे काय गं?" म्हणे, "आमच्याकडे गाय दूध देत नसली की गातात." मी काय बोलू? मीही दोन ओळी म्हटल्या. माझा आवाज ऐकून बुरशी पळून जाईल असं गेलेर्ट म्हणाला.

गावात तिचं नाव पडलंय 'घासणारी'. रविवारी चर्चबाहेर कुणीतरी तिला विचारलं, "काय गं, आमच्या घंटेवरचा हिरवट गंज काढतेस का?" सगळे हसले. मी पुढे झाले आणि म्हटलं, "काढेल, आणि तुझ्या घरची भांडी पण घासेल, गेल्या नाताळपासून तशीच आहेत म्हणे." तेव्हापासून शांत आहेत. एमोके मला म्हणाली, "आई, तुम्ही माझ्यासाठी भांडलात!" अगं, बेर्केशी घरात आल्यावर भांडण फुकट मिळतं, म्हटलं.

पण अंब्रुश, बुरशी धरत नाहीये. कपचा तसाच आहे आणि आजूबाजूची भिंत कोरडी ठणठणीत. पिंपांमध्ये आधी महिन्यातून भरायचो तेवढी वाईन आता आठवड्यात भरावी लागते, एवढी उडते. पाहुण्यांसारखं एका कपच्याला बोलावून भागत नाही, सगळं बिऱ्हाडच यायला हवं.

परवा संत शिमोन-यूदाचा दिवस. तोडणी सुरू. गुडघे टेकून मणी-मणी वेचणाऱ्या बायका आल्यात, तुझ्या ओळखीच्या सगळ्या. त्यांनी आल्याआल्या विचारलं, "अंब्रुश कुठाय? तो नसला की वेचताना गायला कोण लावणार?" मी म्हटलं, मी लावीन. त्या म्हणाल्या, "नको हो नेनी, आम्ही न गाताच मणी खाणार नाही, शपथ." नऊ वर्षं झाली तरी हीच थट्टा. तू गायला लावलंस की त्यांची तोंडं मणी खायला मोकळी नसायची, माझ्या गाण्याने त्यांचे कानच बंद होतात.

तेरेझ


२ नोव्हेंबर

अंब्रुश,

काल संध्याकाळी कबरींवर मेणबत्त्या लावायला गेले. तू सकाळीच येऊन गेला होतास. आईच्या बाजूला पांढरी शेवंती, बाबांच्या बाजूला पिवळी. दरवर्षी तू असाच येतोस आणि मी येते तोवर जातोस. काल मी मुद्दाम लवकर निघाले होते, हे तुला सांगून टाकते. तू त्याहून लवकर गेलास. शेवंती सुरेख होती. मी माझ्या मेणबत्त्या तुझ्या फुलांपासून जरा दूर लावल्या, पाकळ्या जळू नयेत म्हणून.

तिथे उभी राहून मी ठरवलं की सरळ विचारायचं.

पहिले मणी टबांत आलेत. रोज सांजवेळी आम्ही ते तुडवतो आणि त्यावर रस ओततो. एमोके स्कर्ट वर खोचून अशी नाचते त्यात, की शेजारी कुंपणावर लोंबकळतात. घरभर तो वास आहे. पोगाचाच्या पावांना, उशीला, माझ्या केसांना. आठवड्याच्या आत रस पिंपात जाईल आणि पिंपाला जागा लागेल, जिथे ते वर्षानुवर्षं शांत पडून राहील. माझ्याकडे ती जागा नाही. आता कबूल करते. पोती टांगून तळघर होत नाही.

तुझ्याकडे आहे. म्हणून विचारते: ह्या वर्षीचं ऑसू तुझ्या तळघरात ठेवशील का?

मला माहीत आहे, तू शपथ घेतलीस. "माझ्या छताखाली गोडाचा एक थेंब येणार नाही," असं तू दुकानात, सगळ्यांसमोर म्हणालास, आणि तू शब्द फिरवणारा नाहीस, लहानपणी बडबडगीतावरूनही पैजा हरून रडायचास पण माघार घ्यायचा नाहीस. मी तुझी शपथ मोडायला लावतेय. दुसऱ्याकडे गेले असते, पण दुसऱ्याच्या तळघरात बेर्केशींची बुरशी नाही. आणि खरं सांगू? दुसऱ्याकडे मला ठेवायचंच नाहीये.

मळा माझा, पिंपं माझी, वाईनवर नाव आपल्या दोघांचं. हे मी लिहून देते.

विचार कर. पण लवकर कर रे.

तेरेझ


७ नोव्हेंबर

अंब्रुश बेर्केशी!

चोरा! लबाडा! ढोंगी! बिशपाच्या पोरा!

तुझ्या बाजूने जे घडलं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूने काय घडलं ते ऐक, कारण तू ऐकायला थांबला नाहीस.

पाच दिवस तुझी चिठ्ठी नाही. एतेल्का रिकाम्या हाताने येते आणि मान हलवते. मी म्हटलं संपलं. काल दुपारी मी आणि एमोके कोनाड्यात, ती गात होती, मी घमेलं भरत होते, तेवढ्यात भिंतीतून ठक. पुन्हा ठक. एमोके म्हणते, "आई, उंदीर." मी म्हटलं, उंदराला छिन्नी कशी आली? मग एक वीट हलली, थोडी पुढे आली आणि माझ्या घमेल्यात पडली. एप्रन पार भिजला.

भोकातून आधी तुझा आवाज आला. नऊ वर्षांनी. काय म्हणालास? "नमस्कार ताई"? "कशी आहेस"? छे. म्हणालास, "भिंत फार पक्की आहे."

मी म्हटलं, "ओळंबा कुणी धरला होता?"

तू म्हणालास, "वीट काढलीय. आता माझ्याकडची ओली हवा तुझ्याकडे येत राहील. बुरशी धरेल. पण ऑसू ठेवता येणार नाही. जागा नाही."

"एवढ्या मोठ्या तळघरात जागा नाही?"

"नाही म्हटलं ना."

आणि तेव्हाच ती हवा माझ्याकडे आली. अंब्रुश, माझे डोळे गेले, गुडघे गेले, कानही चालले, पण नाक जागेवर आहे. त्या भोकातून कोरड्या वाईनचा वास आला नाही. मध आला. संत्र्याची साल आली, अक्रोड आले. मी एमोकेच्या हातातला दिवा हिसकला आणि भोकाला डोळा लावला. तू मधे हात आडवा घातलास, पण तुझ्या हाताला बोटं आहेत आणि बोटांमध्ये फटी आहेत. समोर छोटी पिंपं. भिंतीला लागून ओळीने, बुरशीत अर्धी बुडालेली. ऑसूची पिंपं! तेच माप, तीच बनावट, बाबा वापरायचे तसली. कोरड्यासाठी कुणी तसली पिंपं घेत नाही.

मी ओरडले, "अंब्रुश, हे काय आहे?"

"औषधापुरतं," म्हणालास.

"एवढ्या औषधाला कुठला रोग आहे तुला?"

"ताई, हळू बोल. लोक ऐकतील."

"लोक? दर वर्षीचं एकेक पिंप दिसतंय मला! दर वर्षी केलंस?"

एमोके माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "मामा, तुमची बुरशी फार सुंदर आहे." आणि तू, साठी उलटलेला माणूस, गावभर कोरड्या वाईनवर भाषणं देणारा, एवढंसं तोंड करून म्हणालास, "मला जमलंच नाही गं. धुकं आलं की जमतच नाही. मणी सुकायला लागले की हात आपोआप जातो."

मग तू डोक्यावरची टोपी काढून भोकात कोंबलीस आणि पळालास.

टोपी सोबत पाठवते. धुतलेली आहे, एमोकेने सोडलं नाही.

तर दोन कुलपं ह्याच्यासाठी होती! बुरशी देणार नाही, कुणी यायचं नाही, हे सगळं एवढ्यासाठी! आणि मी बसले होते इथे समजून, की तुला माझं तोंड बघायचं नाही. नऊ वर्षं मी तेच समजत होते, गाढवा. मी किती रडले त्याचा हिशोब तुझ्याकडून घेणार नाही, पण रडले.

कुणाला सांगणार नाही. एमोकेलाही शपथ घातलीय. पण एतेल्काने हे पत्र फोडलं तर मात्र माझा इलाज नाही, आणि ह्या खेपेस मी डिंक एकदाच लावलाय.

आता जागा कर. तुझी पिंपं सरकव. माझी पहिली पिंपं शुक्रवारी भरतील. जिन्याने तुझ्याकडे न्यायला मला माणसं नाहीत, गल्लीतून नेली तर साऱ्या गावाला तुझं गुपित कळेल. तेव्हा रस्ता एकच आहे आणि त्यातली एक वीट तू काढलीच आहेस.

तेरेझ


१२ नोव्हेंबर

अंब्रुश,

हे पत्र मी तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. तू समोर बटाटे सोलतोयस आणि तिसऱ्यांदा विचारतोयस, "कुणाला लिहितेस एवढं?" मी सांगितलं, टपालखात्याला. तू म्हणालास, "तक्रार?" मी म्हटलं, हो.

काल सेंट मार्टिनच्या सणाला भाजलेल्या हंसाच्या तंगडीवरून आपण दोघं भांडलो, तेव्हा गेलेर्टने एमोकेच्या कानात विचारलं, "पुन्हा सुरू झालं का?" आणि ती म्हणाली, "नाही रे, हे घरातलं आहे." मला ते ऐकू आलं. तुलाही आलं, कारण तू तंगडी माझ्या ताटात टाकलीस आणि खिडकीकडे बघत बसलास.

भिंत पाडताना तू एकेक वीट सांभाळून काढत होतास, जशी परत लागणार आहे. मी म्हटलं, "ह्यांचं काय करणार?" म्हणालास, "एमोकेला भट्टी बांधून देऊ, तिला भाकरी चांगली येते." ती वीट-वीट धुवायला निघाली होती, आपण दोघं एकदम ओरडलो, "धुवू नकोस!" पोरगी दचकली आणि मग जी हसली, जी हसली, की गेलेर्टला पिंपाला आधार द्यायला एकट्यालाच उभं राहावं लागलं. माझं ऑसू आता तुझ्या ऑसूशेजारी झोपलंय. तू खडूने त्याच्यावर वर्ष लिहिलंस आणि नाव लिहिताना थांबलास. मग 'बेर्केशी' एवढंच लिहिलंस. मला आवडलं.

आणि तुझं हे स्वयंपाकघर! तुझ्या तळघरापेक्षा काळं आहे. एमोकेने दारातून एक नजर टाकली आणि बाह्या वर केल्या. इथे तिला घासू दे. इथलं काळं कुणाच्या कामाचं नाही.

एतेल्का रुसलीय. सकाळी म्हणाली, "आता तुम्ही पत्रं लिहिणार नाही, मग मी काय वाचू?" मग तोंडावर हात ठेवला.

आता मला जे लिहायचं होतं ते. समोर बसलास तरी तोंडाने येत नाही. आपल्या घरात तोंडाने फक्त भांडण येतं, तुलाही माहीत आहे. तुझ्याशिवाय फार कंटाळा आला होता रे. वाईन चांगली झाली की पहिला घोट घेऊन मी मागे वळायचे, "बघ, कशी आहे," असं म्हणायला, आणि मागे पिंप असायचं. शनिवारच्या बाटल्या मीच पीत होते. सगळ्या. ह्या वर्षीचीसुद्धा टोचत नाही, उगाच लिहिलं मी, सुंदर आहे ती. प्रत्येक बाटली संपली की मी बूच ठेवून द्यायचे.

बुरशी मिळाली नसती तरी चाललं असतं. तू आलास.

बटाटे संपलेत, आता हात पूस. मी हा कागद टेबलावरून तुझ्याकडे सरकवते. इथेच वाच, माझ्यासमोर. मी कांदा चिरायला घेते, म्हणजे कुणी आत आलं तर दोघांनाही सांगायला कारण राहील.

तुझी बहीण,
तेरेझ